पायऱ्या किती?

भवानी पेठेतील त्या घरात संध्याकाळचे जेवण आजही सूर्यास्तापूर्वी आटोपते. चौविहाराचे पच्चक्खाण झाले की सगळे दिवाणखान्यात बसतात आणि दिवसभराचा हिशेब बोलून दाखवला जातो. कोणता माल आला, कोणाचे येणे थकले, भाव कुठे चालला. लाभपंचमीला दुकानाचा मुहूर्त झाला, त्या संध्याकाळी थोरल्या मुलाने मात्र वेगळाच विषय काढला. पुढच्या उन्हाळ्यात, चातुर्मास बसण्यापूर्वी, सर्वांनी मिळून आठ-दहा दिवस युरोपात जावे, एखाद्या तलावाकाठी निवांत राहावे आणि बाईंनाही बरोबर न्यावे.

घरात लहानथोर सगळे ज्यांना बाई म्हणतात, त्या पंचाहत्तरीच्या गृहिणीने नकार दिला, तोही हसून. "तुम्ही जाऊन या. मला उचलायला चार माणसे लागतात. ती परदेशात कुठून आणाल?"

बोलणे तिथेच थांबले. त्या हसण्यामागे काय आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी बाईंच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण पायांतले बळ परतले नाही. आधाराने क्षणभर उभे राहता येते, पलंगावरून खुर्चीत सरकता येते. पायरी मात्र एकही चढता येत नाही. याच बाईंनी तरुणपणी पालिताण्याला राहून शत्रुंजयाची नव्वाणू यात्रा पूर्ण केली होती. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या, आणि त्याही एकदा नव्हे. वाटेत डोलीत बसलेल्या वृद्धा दिसत, तेव्हा त्या मनात म्हणत, आपल्या पायांनी जाता येते हे केवढे पुण्य.

व्हीलचेअर आल्यानंतर वर्षभराने एका लग्नात मंगल कार्यालयाच्या स्टेजवर वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी घरच्याच चार तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. मुलांच्या मनात प्रेमच होते. पण खुर्ची एका बाजूला कलली, साडीचा पदर सुटला, शे-दोनशे डोळे वळले, आणि कोणीतरी कौतुकाने टाळ्याही वाजवल्या. त्या दिवसानंतर बाईंनी लग्नकार्याला जाणे सोडले. दुकानात तर त्या त्याआधीपासूनच गेल्या नव्हत्या.

तलावाची कल्पना मुलाला उगाच सुचली नव्हती. रविवार पेठेतल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानात गादीच्या वर एक जुने चित्र आहे. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आलेल्या दिनदर्शिकेवरचे ते पान. निळे पाणी, पांढरी बोट, मागे बर्फाचा डोंगर. वर्ष संपले तेव्हा मुलाच्या वडिलांनी पान कापून चौकटीत बसवले आणि म्हणाले होते, एकदा जाऊ. ते जाणे राहून गेले. त्यांच्यामागे गादीवर बसून अकरा वर्षे हिशेब सांभाळताना ते चित्र बाईंच्या डोक्यावर होते.

पहिला प्रयत्न नेहमीच्या पद्धतीने झाला. ओळखीच्या एका प्रवासी व्यावसायिकाला फोन लावला. "आजींची काळजीच नको," पलीकडून उत्तर आले. "सगळी हॉटेले व्हीलचेअरची आहेत. कुठे अडचण आलीच, तर आमची मुले उचलून नेतील." फोन स्पीकरवर होता. बाईंनी खुर्ची वळवली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नातीने ते पाहिले. दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर ती त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि आजवर कोणी न विचारलेला प्रश्न तिने विचारला. "दादी, तिथे जाऊन तुम्हाला काय करायचे आहे?"

बाईंनी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "पाण्याच्या काठाने जायचे. कोणी न उचलता. आणि एकदा बोटीत बसायचे."

नातीने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पुढचा प्रत्येक निर्णय त्या वाक्याशी ताडून पाहायचा, असे ठरले.

तलाव निवडतानाच त्या वाक्याचा उपयोग कळला. छायाचित्रात सर्वांत सुंदर दिसणारी गावे बहुधा डोंगराच्या कडेला चिकटलेली असतात. इटलीतील कोमो तलावाकाठचे बेलाजिओ आपल्या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्यांसाठीच प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट उतारावर वसलेले. स्लोव्हेनियातील ब्लेड तलावाभोवतीची वाट बरीचशी सपाट आहे, पण ज्यासाठी लोक तिथे जातात, त्या बेटावरच्या चर्चकडे ९९ पायऱ्या चढून जावे लागते. हा आकडा ऐकून बाई प्रथमच मोकळेपणाने हसल्या. "नव्याण्णव? तेवढ्या तर माझ्या यात्रा झाल्या." वहीत ब्लेडवर रेघ पडली.

शोधता शोधता नात स्वित्झर्लंडच्या मध्यभागी येऊन थांबली. ल्युसर्न शहरात रेल्वे स्थानक आणि तलावावरच्या बोटींचा धक्का अगदी शेजारी आहेत. गाडीतून उतरावे, रस्ता ओलांडावा आणि पाणी समोर. त्या तलावावर १९०१ ते १९२८ या काळात बांधलेल्या वाफेच्या पाच बोटी आजही चालतात. त्यांच्यात पहिल्या वर्गाची जागा वरच्या मजल्यावर असते आणि तिथे जायला जिना असतो. म्हणजे खालच्या डेकचे, स्वस्तातले तिकीट काढायचे. "आयुष्यात पहिल्यांदा दुसरा वर्ग अधिक सोयीचा निघाला," धाकटा मुलगा म्हणाला.

पण राहण्यासाठी त्यांनी निवडले ते ल्युसर्न नव्हे. तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत नॉटविल नावाचे लहानसे गाव लागते, सेम्पाख तलावाच्या काठी. मणक्याच्या दुखापतीने पाय गमावलेल्यांसाठी १९९० साली तिथे स्विस पॅराप्लेजिक सेंटर सुरू झाले. उपचार, पुनर्वसन, संशोधन, व्हीलचेअरच्या शर्यतींचे मैदान असे सगळे एका आवारात आहे, आणि त्याच आवारात एक हॉटेलही आहे. तिथल्या कितीतरी खोल्या व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेल्या आहेत. तलाव दाखवणारी हॉटेले युरोपात हजारो असतील. नॉटविलचे वेगळेपण असे, की तिथे चाकांवरची माणसे रोजचीच आहेत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

बाईंनी ते दोनदा विचारून घेतले. "कोणी बघत नाही?"

"कोणी नाही, दादी."

यानंतर घर कामाला लागले, ते व्यापारी घरे लागतात तसे. नमुना पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही आणि वजनमाप स्वतः तपासायचे, हा धडा त्या घरात तीन पिढ्यांचा आहे. हॉटेलला "तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?" असे विचारले, तर उत्तर "होय" असेच येते. म्हणून तो प्रश्नच बाद झाला. नातीने प्रथम बाईंची खुर्ची मोजली. बसायची जागा नव्हे, तर चाकांवरच्या कड्यांसकट पूर्ण रुंदी. ती निघाली ६४ सेंटिमीटर. मग पत्र गेले. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती सेंटिमीटर? लिफ्टची आतली लांबी-रुंदी किती? प्रवेशदारापाशी पायऱ्या किती? न्हाणीघरात उंबरठा आहे का? शॉवरखाली खुर्ची जाते का? कमोडच्या कोणत्या बाजूला जागा मोकळी आहे, कारण बाई उजव्या बाजूनेच सरकू शकतात. पलंगाची उंची किती? प्रत्येक उत्तरासोबत छायाचित्र पाठवावे. पहिल्या दोन रात्रींसाठी पाहिलेल्या दुसऱ्या एका हॉटेलने दाराशी "फक्त तीनच पायऱ्या" असल्याचे कळवले. ते हॉटेल वहीतून गेले. नॉटविलहून मात्र आकडे आले, छायाचित्रांसकट.

विमानाचे तिकीट काढताना थोरल्या मुलाला नवे ज्ञान झाले. आजवर तो नुसते "व्हीलचेअर हवी" असे सांगत असे. प्रत्यक्षात त्याचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत अजिबात चालता येत नाही, विमानाच्या आतही अरुंद खुर्चीतून न्यावे लागते. चुकीची अक्षरे पडली, तर विमान शिडीपाशी उभे राहते आणि पुन्हा तीच चार माणसे शोधण्याची वेळ येते. बाईंच्या नावापुढे तिसरा प्रकार नोंदवला. युरोपातील विमानतळांवर ही मदत विनामूल्य मिळते. २००६ च्या युरोपीय नियमाने तो प्रवाशाचा हक्क ठरवला आहे. मात्र किमान ४८ तास आधी कळवावे लागते. खुर्ची साधी, घडीची आणि हाताने ढकलायची घ्यायची, म्हणजे बॅटरीच्या नियमांचा प्रश्न येत नाही. तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवायची, आणि सुटी होणारी गादी व पायटे आपल्याबरोबर विमानात घ्यायचे.

शेंजेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याच्या अर्जात बाईंचा जुना आजार लपवावा, असा सल्ला एकाने दिला. धाकट्याने तो तिथल्या तिथे नाकारला. खोट्या वजनावर केलेला सौदा शेवटी आपल्याच अंगावर येतो.

आहाराची चिंता सर्वांत मोठी वाटली होती, ती सर्वांत आधी मिटली. विमानात व्हीजेएमएल या संकेताने जैन भोजन मागवता येते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध-दुधाचे पदार्थ सामानात नेण्यास तिकडे मनाई आहे, म्हणून तुपातली मिठाई घरीच राहणार. खाखरे, मूगडाळ, मसाले आणि छोटा कुकर जाणार. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. फक्त आपला तीन पिनांचा जाड प्लग तिथे बसत नाही, म्हणून जोडणी न्यायची आणि पाणी उकळायला किटली. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. चौविहार पाळणाऱ्याला पुण्यापेक्षा दोन तास अधिक मिळतात. "धर्माला तरी तो देश अनुकूल आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात "तुम्ही जाऊन या" हे शब्द आता येईनासे झाले होते.

सरावासाठी म्हणून मार्च महिन्यात एका रविवारी त्यांना शहराजवळच्या एका तलावावर न्यायचे ठरले. पुण्याला व्हीलचेअर नवी नाही. खडकीत जखमी सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर याच शहरात राहिले. त्यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहिला होता. आणि तरीही त्या रविवारी बाई पाण्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. बागेच्या दाराशी दुचाकी आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले होते. दोन खांबांमधले अंतर होते ५५ सेंटिमीटर. पाणी समोर वीस पावलांवर चमकत होते. पहारेकरी भला माणूस होता. त्याने लगेच दोघांना हाक मारली, "या रे, आजींना उचलून घेऊ."

"नको," बाई म्हणाल्या. "इथूनही दिसते."

परतताना सातारा रस्त्यावर साध्वीजी महाराजांचा विहार चालला होता. त्यांतील एक वयोवृद्ध महाराजसाहेब व्हीलचेअरवर होत्या आणि एक सेविका खुर्ची ढकलत होती. गाडी थांबवून सगळे खाली उतरले. बाईंनी उघड्या दारातूनच हात जोडले, "मत्थएण वंदामि" म्हटले आणि शाता विचारली.

"शाता आहे," त्या म्हणाल्या. "पाय थांबले, विहार थांबला नाही."

त्या रात्री बाईंनी नातीकडे वही मागितली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. स्वित्झर्लंडचा कायदा, १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेला. रेल्वे आणि बस दिव्यांगांना वापरण्याजोग्या करण्यासाठी दिलेली वीस वर्षांची मुदत. ती २०२३ अखेर संपली तरी काही स्थानकांचे काम अपुरे राहिले, म्हणून प्रत्येक स्थानक स्वतंत्रपणे तपासल्याची नोंद. पुढच्या पानावर रिगी पर्वताची माहिती होती. ल्युसर्नच्या तलावाकाठी विट्झनाऊ हे गाव आहे. तिथून रिगीवर १८७१ साली युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगररेल्वे सुरू झाली. तिच्याआधी सधन प्रवाशांना खुर्चीत बसवून हमाल खांद्यावरून वर नेत असत.

"म्हणजे त्यांच्याकडेही डोली होती," बाई म्हणाल्या.

"होती. मग त्यांनी रूळ टाकले."

"गिरनारलाही आता रोपवे झाला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. गिरनारचा तो रोपवे २०२० साली अंबाजीच्या टुकीपर्यंत सुरू झाला आहे. मग वही मिटून त्यांनी विचारले, "हे सगळे तुम्ही परक्या देशातल्या हॉटेलला विचारलेत. पायऱ्या किती, दार केवढे, उंबरठा आहे का. आपल्या दुकानाला पायऱ्या किती, हे कोणी मोजले?"

खोलीत शांतता पसरली. दुकानाला पायऱ्या तीन होत्या. युरोपातले एक हॉटेल ज्या कारणासाठी त्यांनी नाकारले, नेमके तेच कारण त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी नात टेप घेऊन दुकानात गेली. तीन पायऱ्या, प्रत्येक १५ सेंटिमीटर, एकूण उंची ४५. एक भाग उंचीला बारा भाग लांबी, या प्रमाणाने ५.४० मीटरचा, म्हणजे जवळजवळ अठरा फुटांचा उतार हवा. रविवार पेठेच्या रस्त्यावर अठरा फूट जागा कोण देणार? दोन्ही भाऊ हिरमुसले. तेव्हा तीस वर्षे दुकानात असलेले जुने दिवाणजी सहज म्हणाले, "मागच्या बोळातून या ना. हातगाडीसाठी उतार आहेच की."

खरोखरच होता. गोदामाच्या मागच्या दाराशी, भांड्यांची खोकी चढवण्यासाठी आजोबांनी शहाबादी फरशीचा उतार करून घेतलेला. एवढी वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून तो कोणाला दिसला नव्हता. मालासाठी उतार होता. माणसासाठी पायऱ्या होत्या.

उतार चढा होता. तो पुढे वाढवून सौम्य केला, कडेला कठडा बसवला, गोदामातली खोकी हलवून १०० सेंटिमीटरची वाट मोकळी केली. गवंड्याचे काम चार दिवसांत झाले. याला लागलेला खर्च विमानाच्या एका तिकिटापेक्षाही कमी निघाला, हे धाकट्याने वहीत मुद्दाम लिहून ठेवले.

आपल्या शास्त्रांनी वैयावच्च हे अभ्यंतर तप मानले आहे. वृद्ध, ग्लान, थकलेल्यांची सेवा करावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि सेवा म्हटले की आपले हात पुढे होतात. त्या घराने या सहा महिन्यांत शिकलेली गोष्ट एवढीच, की हात पुढे करण्याआधी विचारावे. ज्याची सेवा करायची, त्याला काय हवे आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. कित्येकदा त्याला खांदा नको असतो, रस्ता हवा असतो.

अक्षय्य तृतीयेला, पारण्याचा उसाचा रस घेऊन झाल्यावर, बाई दुकानात गेल्या. बोळाच्या तोंडाशी मोटार थांबली. मुलगा सवयीने खुर्चीच्या मागे उभा राहिला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले, तसा तो बाजूला झाला. कठडा धरून, चाके फिरवत, दोनदा थांबून, त्या उतार चढल्या. खोक्यांमधून, वजनकाट्याजवळून, दिवाणजींच्या मेजावरून वळसा घेऊन खुर्ची गादीपाशी आली. दोन वर्षांत वर धूळ बसलेले ते चित्र त्यांनी पुसायला सांगितले.

व्हिसाची फाइल तोवर तयार होऊन दुकानाच्या खणात पडली होती. तिकिटे जूनच्या दुसऱ्या आठवड्याची. बाईंनी खण उघडला, फाइल हलकेच बाजूला सरकवली, तिच्याखालची खातेवही काढली आणि चष्मा लावून विचारले, "फाल्गुनातली उधारी कोणाची राहिली आहे?"